हनोई तीन दिवसांत: आधी वार बघा, मग नकाशा

व्हिएतनामच्या राजधानीला, हनोईला, पहिल्यांदा गेलो तेव्हा शुक्रवारी सकाळी पावणेआठला बा दिन्ह चौकात जाऊन उभा राहिलो होतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुल पँट, खिशात पासपोर्ट. तयारी चोख, पण चौक ओसाड. पांढऱ्या गणवेशातल्या पहारेकऱ्याने दोन्ही हातांची फुली करून दाखवली आणि तोंड फिरवलं. व्हिएतनामचे पहिले अध्यक्ष हो ची मिन्ह यांची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे हालाँग बेची बस धरायची होती, त्यामुळे ते राहूनच गेलं. नंतर आई-बाबांना घेऊन गेलो तेव्हा आधी कॅलेंडर काढलं, मग विमानाची तिकिटं.

हा लेख त्या दुसऱ्या फेरीवर बेतलेला आहे. समाधी, देवळं आणि संग्रहालयं अशी तीन खाती करून हनोई बघायला जाऊ नका, असं माझं मत. लढाई जिंकलेला सेनापती इथे देवळात बसतो आणि त्याच लढाईतले लाकडी खांब संग्रहालयात असतात. परीक्षा पास झालेल्यांची नावं देवळाच्या आवारात दगडी कासवांच्या पाठीवर असतात. पूर्वजांना विसरायचं नाही, हा एकच धागा सगळीकडून जातो. तो हाती लागला की तीन दिवस पुरतात. नाही लागला तर आठवडाही कंटाळवाणा जाईल.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा लागतो. व्हिएतनाम सरकारच्या अधिकृत साइटवरूनच काढा. तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साइटी पुष्कळ आहेत आणि त्या दामदुप्पट घेतात. एका प्रवेशाचा २५ डॉलर, अनेक प्रवेशांचा ५०, आणि मुदत ९० दिवसांपर्यंत मिळते. आपल्याकडची खास गोम नावात असते. मराठी माणसाच्या पासपोर्टात बहुधा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. फॉर्ममध्येही ते तसंच, त्याच क्रमाने, एकही अक्षर न गाळता भरा. बाबांच्या अर्जात मी मधलं नाव गाळलं होतं. ते वेळेवर लक्षात आलं, पण पहिल्या अर्जाचे पैसे बुडाले आणि दुसरा भरावा लागला. किमान दोन आठवडे हातात ठेवून अर्ज करा.

मुंबईहून थेट विमान आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. नोई बाय विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटरवर. सामान कमी असेल तर ८६ नंबरची बस जुन्या शहराजवळून रेल्वे स्टेशनपर्यंत जाते. आई-वडील सोबत असतील तर सरळ ग्रॅब अॅपवरून गाडी मागवा, भाव ठरवायची कटकट नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगले महिने. फेब्रुवारी-मार्चमध्ये सारखी भुरभुर असते आणि कपडे वाळत नाहीत. मे ते ऑगस्ट उकाडा असा की कोकणातला मेसुद्धा बरा वाटावा. चांद्र नववर्षाच्या, म्हणजे तेतच्या सुट्टीत (जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी) देवळं गजबजलेली, पण संग्रहालयं आणि खानावळी बऱ्याच बंद.

पैशांचं गणित सोपं आहे. रुपयाला साधारण ३०० डोंग मिळतात. नोटेवरची शेवटची तीन शून्यं अंगठ्याने झाका आणि उरलेल्या आकड्याला सव्वातीनने गुणा, झाले रुपये. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळसर आहेत. टॅक्सीत अंधारात एकीच्या जागी दुसरी दिली, तर सोळाशेक रुपयांना मुकाल. मोठी नोट पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. बहुतेक ठिकाणांची तिकिटं एक लाख डोंगांच्या आत आहेत, म्हणजे तिकिटांवर काटकसर करायची गरज नाही. पोटावर मात्र लक्ष ठेवावं लागतं. ते पुढे येईलच.

वाराचा हिशोब

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा.

समाधी फक्त सकाळी उघडी असते, तीही मंगळ, बुध, गुरु, शनि, रवि एवढ्याच वारी. उन्हाळी वेळापत्रकात साधारण साडेसातपासून साडेदहापर्यंत, हिवाळ्यात आठ ते अकरा. शनि-रवि अर्धा तास जास्त. शिवाय वर्षातून दोन-अडीच महिने ती देखभालीसाठी बंद ठेवतात. जुन्या मार्गदर्शिकांत हा काळ सप्टेंबर ते नोव्हेंबर असा दिलेला सापडेल, पण अलीकडच्या वर्षांत तो जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. शाळेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी तारखा आधी तपासाव्यात.

राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आणि मानववंश संग्रहालय सोमवारी बंद. सोमवार हाताशी आला तर तो वान मिएव (साहित्यमंदिर), होआ लो तुरुंग, महिला संग्रहालय आणि तळ्याकाठच्या देवळांवर खर्च करा. ती उघडी असतात. आणखी एक खोच आहे ती जेवणाच्या सुट्टीची. इतिहास संग्रहालय दुपारी बारा ते दीड चक्क दार लावून घेतं. हो ची मिन्ह यांच्या घराच्या आवारातही मधली सुट्टी असते. दुपारी एक ते चार सुट्टीचा पुण्यातला सराव असलेल्यांना यात नवल वाटणार नाही, पण उन्हात फाटकाबाहेर बसून राहायची पाळी येऊ नये.

पहिला दिवस: बा दिन्ह आणि वान मिएव

सातच्या सुमारास पोचा. रांग समाधीच्या समोरून नाही, बाजूच्या रस्त्यावरून सुरू होते. पहारेकरी बोट दाखवतील तिकडे चालत राहायचं. बॅगा आणि कॅमेरे जमा करावे लागतात. मोबाइल बंद करून खिशात. गुडघ्यांच्या वरचे कपडे आणि बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. तीन वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत, तेव्हा तान्हं मूल असेल तर दोघांनी आळीपाळीने जा.

आत शिरण्याआधी टोपी काढायची, हात खिशात घालायचे नाहीत, बोलायचं नाही, थांबायचं नाही. बाबांनी सवयीप्रमाणे हात पाठीमागे बांधले होते. पहारेकऱ्याने न बोलता त्यांचे हात सोडवून दोन्ही बाजूंना सरळ केले. अगदी हळू, शाळेतल्या मास्तरांसारखे. बाबा पुढे दोन दिवस ते सगळ्यांना करून दाखवत होते.

बाहेरचा दमट उकाडा आणि आतला गारठा यांतला फरक अंगावर येतो. मंद पिवळसर उजेड, काचेची पेटी, चार कोपऱ्यांना चार सैनिक, आणि तिच्या तीन बाजूंनी सरकणारी दुहेरी रांग. चेहरा आणि हात तेवढे उजेडात. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. माझ्या पुढे एक म्हातारी बाई दोन नातींना घेऊन चालली होती. तिने थांबता येत नाही म्हणून चालता चालताच मान वाकवली.

मनात वागवायची गोष्ट ही, की या माणसाला हे काहीच नको होतं. आपलं दहन करावं, अस्थी उत्तर, मध्य आणि दक्षिण व्हिएतनामात ठेवाव्यात, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं. २ सप्टेंबर १९४५ला याच चौकात त्यांनी देशाचं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि २ सप्टेंबर १९६९ला, त्याच तारखेला, ते गेले. स्वातंत्र्यदिनी सुतक नको म्हणून सरकारने तेव्हा ३ सप्टेंबर अशी तारीख सांगितली. खरी तारीख मान्य करायला पुढची वीस वर्षं गेली. समाधीचं बांधकाम १९७३ला सुरू झालं आणि ऑगस्ट १९७५मध्ये ती खुली झाली. लोक त्यांना 'बाक हो' म्हणतात. बाक म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. 'अंकल हो' या इंग्रजी नावात तो थोरलेपणा उतरत नाही. मराठीत 'थोरले काका' म्हटलं की लगेच कळतं.

एक गोष्ट मराठी माणसाला सांगायलाच हवी. व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरणारा तो मजकूर तुमच्याकडेही आला असेल: व्हिएतनामने छत्रपती शिवाजी महाराजांचा आदर्श ठेवून अमेरिकेला हरवलं, आणि तिथल्या नेत्याच्या समाधीवर 'महाराजांचा एक मावळा' असं कोरलं आहे. समाधीच्या दर्शनी भागावर फक्त 'अध्यक्ष हो ची मिन्ह' एवढंच त्यांच्या भाषेत लिहिलेलं आहे. आतही तसलं काही नाही. त्या मजकुराला पुरावा नाही. आमच्या ग्रूपमधल्या एका काकांनी पहारेकऱ्याला खुणेने विचारायचा प्रयत्न केला आणि सगळ्यांना ओशाळवाणं झालं. गनिमी काव्याचं व्हिएतनामी रूप खरोखर बघायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशी, इतिहास संग्रहालयात.

समाधीतून बाहेर पडलं की मागच्या बागेचं तिकीट काढा. पिवळाधमक राष्ट्रपती भवन दिसतं, ते फ्रेंच गव्हर्नर जनरलसाठी १९०६पर्यंत बांधून झालं. हो ची मिन्ह तिथे राहायला गेले नाहीत. १९५८पासून ते शेजारच्या खांबांवरच्या लाकडी घरात राहिले. वर दोन छोट्या खोल्या, खाली मोकळी बैठक, समोर माशांचं तळं. घराला वळसा घालून बघायचं असतं, आत जाता येत नाही. आईने एकाच वाक्यात निकाल दिला, "आमच्या आजोळच्या माडीएवढंच आहे की." खरंच आहे.

तिथून पाच मिनिटांवर एकखांबी देऊळ. पहिल्यांदा बघणाऱ्याची हमखास निराशा होते, कारण ते फारच लहान आहे: चौकोनी तळ्यात एक जाड खांब आणि त्यावर कमळासारखं तोललेलं लाकडी देवघर. मूळ १०४९चं, ली थाय तोंग राजाने बांधलेलं. १९५४ला जाता जाता फ्रेंच सैन्याने ते उडवून दिलं, १९५५ला पुन्हा उभं केलं. निपुत्रिक राजाच्या स्वप्नात क्वान आम देवीने कमळावर बसून त्याच्या हाती मूल दिलं, अशी कथा. त्यामुळे आजही मूल व्हावं म्हणून जोडपी येतात. जिना चढून आतली छोटी मूर्ती बघा आणि लगेच उतरा. मागे रांग असते.

शेजारचं हो ची मिन्ह संग्रहालय १९९०चं, कमळाच्या आकाराचं. वेळ उरला तरच जा. आतली मांडणी इतकी प्रतीकात्मक आहे की वाटाड्याशिवाय डोक्यावरून जाते. मी तो वेळ जेवणाला देईन.

दुपारी वान मिएव. बा दिन्हहून चालत वीस-पंचवीस मिनिटं, गाडीने पाच. १०७०मध्ये कन्फ्यूशियससाठी बांधलेलं हे मंदिर, आणि १०७६पासून इथेच राजघराण्याची शाळा. व्हिएतनाममधलं पहिलं विद्यापीठ ते हेच मानतात. एकामागून एक पाच चौक आहेत. पहिले दोन नुसती झाडी आणि शांतता, तिथे रेंगाळू नका. दुसऱ्या चौकाच्या टोकाला १८०५चा लाल लाकडी दुमजली मंडप लागतो. हनोई शहराचं हे बोधचिन्ह आहे. १,००,०००ची नोट काढून ताडून पाहा, मागच्या बाजूला वान मिएवच आहे.

खरा मुक्काम तिसऱ्या चौकात. मधोमध हिरवट पाण्याची चौकोनी पुष्करणी, दोन्ही बाजूंना ओळीने ८२ दगडी कासवं, आणि प्रत्येकाच्या पाठीवर उभी शिळा. १४४२ ते १७७९ या काळातल्या राजपरीक्षांमध्ये विद्वत्तेची 'डॉक्टर' पदवी मिळवलेल्या तेराशेंवर लोकांची नावं आणि गावं त्यांवर कोरलेली आहेत. गाव कोरलेलं आहे, हे महत्त्वाचं. आपल्याकडे पोरगा एमपीएससी झाला की गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लागतो, पावसाळ्यात फाटतो. यांनी तो दगडात लावला. कासवं नीट बघा: कुणाची मान आखूड, कुणाची नाकपुडी मोठी, जुन्यांची घडण साधी, नंतरच्यांची जास्त नटवी. कित्येकांची डोकी गुळगुळीत झाली आहेत, कारण पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेआधी मुलं त्यांवर हात फिरवत आली. आता कठडा लावलाय. हात लावू नका.

चौथ्या चौकात कन्फ्यूशियस आणि त्याच्या शिष्यांच्या मूर्ती. पाचव्यात चू वान आन या शिक्षकाची मूर्ती आहे. चौदाव्या शतकातल्या या गुरुजींनी सात भ्रष्ट दरबाऱ्यांची मुंडकी उडवा, असा अर्ज राजाला केला. राजाने ऐकलं नाही तेव्हा राजीनामा देऊन ते निघून गेले. इथे उदबत्ती लावायला गर्दी असते ती त्यांच्यापुढे.

देवळात शिरताना

पुढच्या दोन दिवसांत देवळं बरीच येतील, म्हणून चार गोष्टी इथेच. पाटीवरचा पहिला शब्द ओळखायला शिका. 'चुआ' म्हणजे बुद्धाचं देऊळ. 'देन' म्हणजे वीरपुरुषाचं किंवा देवतेचं. 'दिन्ह' म्हणजे ग्रामदैवत आणि गावची चावडी एकाच छपराखाली. बा दिन्हमधला दिन्ह हाच.

उंबरठा उंच असतो, त्यावर पाय द्यायचा नाही. हे आपल्याला सांगावं लागत नाही, युरोपियन प्रवाशांना लागतं. मधल्या दारातून शिरू नका. आत जाताना उजव्या दाराने, येताना डाव्या. चपला सगळीकडे काढायच्या नसतात, चटई दिसली तिथे काढायच्या. उदबत्त्या एक किंवा तीन, कधीच दोन नाहीत, आणि त्या अंगणातल्या मोठ्या धूपपात्रात खोचायच्या. देवापुढे बिस्किटांचे पुडे, बिअरचे डबे, ड्रॅगन फ्रूट असा नैवेद्य रचलेला दिसला तर हसू आवरा. खंडोबाला भंडारा, म्हसोबाला कोंबडं. ज्याची त्याची रीत.

दुसरा दिवस: तळं, इतिहास, तुरुंग

सकाळी सहाला होआन किएम तळ्यावर या. आजीबाई पंखे घेऊन कवायत करत असतात, कुणी बॅडमिंटन खेळतं, कुणी नुसतंच स्वतःच्या पाठीवर बुक्क्या मारत चालतं. शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत तळ्याभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात. इतर दिवशी रस्ता ओलांडायचा तर नियम एकच: संथ, एका लयीत चालत राहा, धावायचं नाही, मध्येच थांबायचं नाही. दुचाक्या तुमच्या अंदाजाने वळतात. पुणेकर तिसऱ्या मिनिटाला शिकतात.

लाल लाकडी पूल ओलांडून न्गोक सोन देवळात जायचं. पुलाअलीकडच्या दगडी मनोऱ्याचा आकार लेखणीचा आहे आणि त्यावर 'निळ्या आकाशावर लिही' अशा अर्थाची तीन अक्षरं आहेत. पुढच्या कमानीवर दगडी दौत. १८६५मधलं हे सगळं एका विद्वानाचं काम, न्गुएन वान सिएव त्याचं नाव. आत विद्येची देवता आहे आणि तिच्याबरोबर त्रान हुंग दाओ, मंगोलांना परतवणारा सेनापती. हे नाव तासाभरासाठी लक्षात ठेवा.

बाजूच्या खोलीत काचेच्या पेट्यांत दोन अवाढव्य कासवं आहेत, मेल्यावर जतन करून ठेवलेली. ले लोय राजाने मिंग चिन्यांना हुसकावलं ती तलवार याच तळ्यातल्या सोनेरी कासवाने परत नेली, अशी कथा; होआन किएम म्हणजेच 'परत केलेली तलवार'. तळ्यातलं शेवटचं कासव जानेवारी २०१६मध्ये मेलं तेव्हा शहर हळहळलं होतं.

आठ वाजता उघडणारं राष्ट्रीय इतिहास संग्रहालय इथून पंधरा मिनिटं चालत. फ्रेंचांनी १९३२मध्ये पूर्ण केलेली ही इमारत स्वतःच बघण्यासारखी आहे; एर्नेस्त एब्रार या वास्तुकाराने फ्रेंच भिंतींवर पूर्वेकडची छपरं चढवली. आत तीन गोष्टींवर वेळ द्या, बाकी चालत बघा.

पहिली गोष्ट दोंग सोन काळातले ब्राँझचे नगारे, दोन हजार वर्षांहून जुने. वरच्या चकतीवर मध्ये सूर्य, भोवती पक्षी आणि पिसांचे मुकुट घातलेली माणसं. वाकून, बाजूने उजेड घेऊन बघितलं तरच रेषा दिसतात.

दुसरी गोष्ट बाक दांग नदीतले खांब. १२८८मध्ये त्रान हुंग दाओने नदीच्या तळाशी टोकदार लाकडी खांब ठोकून घेतले. भरतीला छोट्या होड्यांनी मंगोल आरमाराला हुलकावणी देत आत ओढलं, आणि ओहोटी लागताच ती जड गलबतं खांबांवर चढली. हीच युक्ती याच नदीवर ९३८मध्ये न्गो क्वेनने केली होती. पाणी, चिखल आणि वेळ यांना सैन्यात भरती करून घेणं काय असतं, ते या काळ्या पडलेल्या, कुजक्या टोकांच्या ओंडक्यांपुढे उभं राहून कळतं. तासाभरापूर्वी ज्याच्यापुढे उदबत्ती लावली, त्याचंच हे काम.

तिसरी गोष्ट चाम दालन. मध्य व्हिएतनाममधल्या चंपा राज्याचं हे शिल्प. शिव, गरुड, नृत्यांगना ओळखायला पाटी लागत नाही. वो कान्ह इथला संस्कृत शिलालेख याच संग्रहालयाचा. आग्नेय आशियातल्या सर्वांत जुन्या संस्कृत लेखांपैकी एक. आईला अक्षर लागलं नाही, पण ती बराच वेळ उभी होती.

दुपारी होआ लो. हे नाव शेगड्यांवरून आलं: इथे मातीच्या शेगड्या करणाऱ्यांची आळी होती, ती उठवून फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तुरुंग बांधला. दारावर अजून फ्रेंच पाटी आहे. तुरुंगाचा बराचसा भाग १९९०च्या दशकात पाडून तिथे टॉवर झाले. उरलेला तुकडा म्हणजे हे संग्रहालय. ऑडिओ गाइड घ्याच, पाट्यांवर अर्धंच कळतं. लाकडी ओट्यावर पाय खोड्यात अडकवून ओळीने बसवलेले पुतळे, अंधारकोठड्या, आणि एका खोलीत खरीखुरी गिलोटीन. १९५१च्या डिसेंबरात फाशीचे १६ कैदी गटाराच्या जाळ्या कापून निसटले. त्यांतले पाचच जण सुटले. त्या गटाराचा तुकडा मांडून ठेवलाय. त्यात खांदा मावेल का, असं प्रत्येक जण मनात मोजतो.

शेवटच्या खोल्या अमेरिकन वैमानिकांच्या. पुढे सिनेटर झालेले जॉन मॅकेन १९६७च्या ऑक्टोबरात शहरातल्या त्रुक बाक तळ्यात पडले आणि साडेपाच वर्षं कैदेत होते. इथले फोटो नाताळची जेवणं आणि बास्केटबॉलचे आहेत. छळाबद्दल त्या कैद्यांनी नंतर जे सांगितलं त्याचा इथे मागमूस नाही. फ्रेंचांच्या तुरुंगाबद्दल हे संग्रहालय सडेतोड बोलतं, स्वतःच्या तुरुंगाबद्दल घुटमळतं. ते गृहीत धरून बघा. लहान मुलांना इथे आणू नका. अंदमान बघितलेल्यांना काही खोल्या जड जातील. त्यानंतर लगेच दुसरं काही बघायला जाऊ नका. जवळपास कुठे अंड्याच्या कॉफीवर बसा.

शाकाहाऱ्यांसाठी

जादूचा शब्द आहे 'अन चाय'. चाय म्हणजे चहा नाही, शाकाहार. 'चाय' मागितलात तर समोर टोफू येईल. पाटीवर हा शब्द असलेल्या खानावळी बौद्ध रिवाजाच्या असतात. त्यांत मासे, मांस तर नसतंच, काही ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. साध्या हॉटेलात 'नो मीट' म्हणून भागत नाही, कारण माशांचं पाणी, न्युओक माम, चटणीपासून सारापर्यंत सगळ्यात असतं. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला इथेही लोक शाकाहार पाळतात, तेव्हा चाय खानावळींत जागा मिळत नाही. त्या दिवशी साडेअकरालाच जेवून घ्या.

तिसरा दिवस: माणसं, मग पश्चिम तळं

सकाळ मानववंश संग्रहालयाला. मध्यवस्तीपासून सात-आठ किलोमीटर, गाडीने जा. १९९७मध्ये उघडलेलं हे संग्रहालय हनोईतलं सगळ्यात चांगलं, यात मला शंका नाही. देशातल्या ५४ जमाती इथे भेटतात. आतल्या दालनात मासे पकडायच्या टोपल्यांनी लादलेली एक सायकल आहे. शेकडो टोपल्या, मध्ये सायकल कुठे आहे ते शोधावं लागतं. त्याच्यापुढे सगळे थांबतात.

पण अर्ध्याहून जास्त वेळ मागच्या आवाराला द्या. तिथे खरी घरं आणून उभी केली आहेत, आणि त्यांत चढता येतं. बाहनार जमातीचं सामायिक घर एकोणीसेक मीटर उंच, कुऱ्हाडीच्या पात्यासारखं छप्पर. एदे लोकांचं लांबच लांब घर मातृवंशाचं; लेकीचं लग्न झालं की घर लांबवायचं, जावई राहायला येणार. त्याच्या जिन्यावर स्तन कोरलेत, चढताना तिथेच हात टेकतो. जवळच जाराय जमातीचं थडगं, भोवती लाकडी माणसं, काही उघडीवाघडी आणि गरोदर. बाबा "चला, पुढे चला" म्हणाले. आई थांबली आणि म्हणाली, मेल्यावरही जन्म चालूच राहतो एवढंच तर दाखवलंय.

दुपार उलटली की पश्चिम तळ्याकाठी. क्वान थान्ह देवळात १६७७मध्ये ओतलेली त्रान वू देवाची काळी ब्राँझमूर्ती आहे, चार मीटरच्या आसपास उंच. तिच्या पायाला हात लावून लावून तो भाग चकचकीत झालाय. तिथून तळ्याच्या बांधावरून चालत दहा मिनिटांवर त्रान क्वोक, सहाव्या शतकात स्थापन झालेलं शहरातलं सगळ्यात जुनं बुद्ध देऊळ. चार-साडेचारच्या आत पोचा, नंतर फाटक लागतं. लाल अकरा मजली स्तूप सगळे फोटोत घेतात. तो १९९८चा आहे. त्याच्या मागे जा. तिथल्या बोधिवृक्षाचं रोप १९५९मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी दिलेलं, बोधगयेच्या झाडाचं. दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांना हे झाड आपलं वाटेल, पण आतला थाट वेगळा: महायानाच्या थरावर थर मूर्ती, सोनेरी मुलामा, फळांच्या उतरंडी. आत बसलेल्या बायका पुटपुटत होत्या, "नाम मो आ झी दा फात." आईने तीन-चारदा कान देऊन ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "नमो अमिताभ... बुद्ध म्हणतायत ना?" त्यापुढे तिला वाटाड्या लागला नाही.

चौथा दिवस असेलच तर थांग लाँगची राजगढी करा. ती जागतिक वारसा यादीत आहे, पण किल्ला म्हणून गेलात तर फसाल. कडा नाही, बुरूज नाही, सपाट बाग आणि पायऱ्यांवरचे दगडी ड्रॅगन. जमिनीखालचा युद्धकाळातला खलबतखाना तेवढा चुकवू नका. लष्करी संग्रहालय बघायचं असेल तर पत्ता नीट तपासा: ते २०२४च्या नोव्हेंबरपासून शहराच्या पश्चिमेला नव्या इमारतीत आहे, जुनी पुस्तकं अजून ध्वजस्तंभाजवळच दाखवतात.

शेवटच्या रात्री जेवण लवकर उरकून नऊच्या आत पुन्हा बा दिन्ह चौकात या. तिकीट नाही, रांग नाही. पांढऱ्या गणवेशातली तुकडी समाधीच्या बाजूने संचलन करत येते आणि झेंडा उतरवते. आसपासची कुटुंबं जेवून पाय मोकळे करायला आलेली असतात, पोरं बापाच्या खांद्यावर. चौकातल्या हिरवळीच्या पट्ट्यांवर पाय ठेवू नका, लगेच शिट्टी वाजते. आमच्यासाठी वाजली. बाबांनी चटकन पाय मागे घेतला, आणि दोन्ही हात सरळ बाजूला.